उकाड्यात जागे होणारे यंत्र : नागपूरच्या भूमीवर सायबरपंक कथा कशी लिहावी

नागपुरात मे महिन्याच्या रात्री लाईन गेली की आधी कूलरचा पंखा मंदावतो, मग पंपाची घरघर थांबते, गवताच्या जाळ्यांत मुरलेले पाणी काही वेळ टाकीत ठिबकत राहते आणि मिनिटभरात शेजारच्या गच्चीवरून प्रश्न येतो, "आपलीच गेली की सगळ्यांची?" एकमेकांशी जोडलेल्या मानवजातीविषयी आणि यंत्रात उगवणाऱ्या जाणिवेविषयी कथा लिहू पाहणाऱ्याने या प्रश्नापासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. विचारणारा माणूस अंधारात उभा राहून आपले घर कोणत्या मोठ्या जाळ्याचा भाग आहे, त्याची सीमा कुठे आहे आणि त्या जाळ्यात आपल्यासोबत आणखी कोण आहे, हेच तपासत असतो.

पहिल्यांदाच या प्रकारात कथा लिहिणाऱ्या, विशेषतः दिवाळी अंकासाठी चार-पाच हजार शब्दांची कथा मनात असलेल्या लेखकांसाठी हे मार्गदर्शन आहे. ते कोरड्या सूचनांचे होऊ नये म्हणून एक नमुना कथा आपण सोबतच बांधत जाऊ.

पहिली पायरी : उसना पाऊस काढून टाका

'सायबरपंक' हा शब्द ब्रूस बेथके या अमेरिकी लेखकाच्या, १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लघुकथेचे शीर्षक म्हणून आला आणि त्या दशकात तो एका संपूर्ण साहित्यप्रवाहाचे नाव बनला. सरकारांपेक्षा बलाढ्य झालेल्या कंपन्या, शरीरात शिरलेले तंत्रज्ञान, माहितीची चोरी करून जगणारी तळागाळातील माणसे आणि सतत पडणारा पाऊस, ही त्या प्रवाहाची ओळख होती. त्यातील पाऊस आणि रंगीत दिव्यांच्या पाट्या त्या लेखकांच्या काळातून आणि त्यांच्या शहरांतून आल्या होत्या. आपण त्या जशाच्या तशा उचलतो, तेव्हा कथा पहिल्या परिच्छेदातच परकी होते.

माझ्या सुरुवातीच्या एका कथेत सीताबर्डीवर रात्रभर पाऊस पडत होता आणि नायक ओल्या रस्त्यावरील दिव्यांची प्रतिबिंबे पाहत चालत होता. धरमपेठेतील एका वाचन-बैठकीत ती वाचून झाल्यावर मागच्या रांगेतील एका वयस्कर गृहस्थांनी शांतपणे विचारले, "एवढा पाऊस कुठं पडून राहिला जी?" त्या प्रश्नाने मला जे शिकवले, ते पुढे अनेक वर्षे पुरले. नागपूरचे खरे हवामान उकाडा हे आहे. पारा ४५ अंशांच्या वर जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, माणसे भिंतीआड जातात आणि त्यांना जिवंत ठेवण्याचे काम एका अदृश्य, अखंड वाहणाऱ्या गोष्टीवर येते. ती गोष्ट म्हणजे वीज. यंत्र आणि मानवी शरीर यांची गाठ इथे डोक्यात बसवलेल्या चिपमधून पडण्याआधीच कूलरच्या तारेतून पडलेली आहे.

दृश्यांसाठीही दूर जाण्याचे कारण नाही. गड्डीगोदाम येथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, तिच्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो, अशी चार मजली वाहतूक एकाच जागी चालते. संध्याकाळी तिथे अर्धा तास उभे राहून कोणत्या मजल्यावरून कोण जाते आणि कोण कधीच वर जात नाही, हे वहीत लिहून आणा. समाजाची उतरंड सांगणारे एक संपूर्ण पान त्यातून मिळते.

दुसरी पायरी : जाळे खरे निवडा आणि ते कसे चालते ते शिका

नवोदितांच्या कथांमध्ये जाळे हे बहुधा 'नेटवर्क' नावाचे धूसर निळे काहीतरी असते, आणि म्हणून त्यात घडणारे काहीही वाचकाला पटत नाही. आपल्या नमुना कथेसाठी मी वीजजाळे निवडतो, कारण त्याच्या कार्यपद्धतीतच कथा दडलेली आहे.

भारतातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणजे प्रवाह सेकंदाला ५० वेळा हेलकावतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे ग्रीड, म्हणजे वीजजाळे, उर्वरित ग्रीडशी समकालिक पद्धतीने जोडले गेले आणि तेव्हापासून देशाची वीज एकाच तालावर चालते. कोराडीच्या औष्णिक केंद्रातील टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेते, आणि शेकडो कोसांवरील दुसऱ्या औष्णिक केंद्रातील टर्बाइनही त्याच लयीत फिरते. मागणी उत्पादनापेक्षा वाढली की ही वारंवारता किंचित घसरते, आणि मागणी कमी झाली की किंचित चढते. तिने ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या अरुंद पट्ट्यात राहावे म्हणून विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या भार प्रेषण केंद्रांतील माणसे रात्रंदिवस जागी असतात. याचा अर्थ असा की इतवारीतील एखाद्या खोलीत कुणी कूलरचे बटण दाबले, तर त्याचा अतिसूक्ष्म धक्का देशभरातील प्रत्येक टर्बाइनला पोहोचतो. जोडलेली मानवजात म्हणतात ती अशी आधीच अस्तित्वात आहे, फक्त तिला त्याची जाणीव नाही. तोल सुटला तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. ३० जुलै २०१२ रोजी उत्तरेचे ग्रीड कोसळले, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन ग्रीड एकत्र कोसळून सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशातील वीज गेली. पश्चिम ग्रीड मात्र टिकले.

एवढी माहिती हाती आली की कथेतील कल्पित भाग फार थोडा उरतो, आणि तो थोडाच असावा. आपली कल्पना अशी : स्मार्ट मीटरमधून घराघरातील कूलर चार-चार मिनिटे पाळीपाळीने थांबवून ग्रीडचा तोल सांभाळणारी एक प्रणाली. तिला कुणी बुद्धिमान म्हणून बनवलेले नाही. वारंवारता पट्ट्यात ठेवणे आणि कुणाच्याही घरी असह्य उकाडा होऊ न देणे, एवढीच दोन कामे तिच्याकडे आहेत.

तिसरी पायरी : हिशेब करा

या पायरीला बहुतेक लेखक कंटाळतात, पण कथेची व्याप्ती तीच ठरवते. एक कूलर १८० वॉटचा धरा. एक लाख कूलर एकदम थांबवले तर १८ मेगावॉट वाचतात. कोराडीचा एक मोठा वीजनिर्मिती संच ६६० मेगावॉटचा आहे. तो अचानक बंद पडला तर त्याची भरपाई करायला सुमारे ३७ लाख कूलर लागतील, आणि २०११ च्या जनगणनेनुसार नागपूर शहराची लोकसंख्याच २४ लाखांच्या आसपास होती. म्हणजे केवळ शहराच्या कूलरवर आपली कथा उभी राहत नाही. हा हिशेब न करता लिहिलेल्या कथेतील यंत्र जे करते, ते करणे त्याला शक्यच नसते.

हिशेब चुकतो तिथेच खरी कथा सापडते, असा माझा अनुभव आहे. कूलर पुरत नाहीत, तर आणखी काय आहे? पाच अश्वशक्तीचा एक शेतीपंप साधारण ३.७ किलोवॉट घेतो, म्हणजे वीस कूलरइतका. पावणेदोन लाखांच्या आसपास पंप थांबले तर एका संचाची तूट भरून निघते. म्हणून प्रणालीला शहर ओलांडून काटोल, नरखेड आणि वरूडच्या संत्राबागांत जावे लागते. तिथे तिला कळते की एप्रिल-मे महिन्यांत सगळ्या बागा सारख्या नसतात. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी येणारा फुलोरा, घेणाऱ्याने बाग मुद्दाम ताणावर सोडलेली असते, तिला पाणी नकोच असते. हिवाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या आंबिया बहाराच्या बागेत मात्र झाडावर फळ असते आणि पाणी चुकले तर ते गळते. कोणता पंप थांबवावा हे ठरवण्यासाठी यंत्राला झाडाची तहान समजून घ्यावी लागते, आणि ती समजून घेताना शहरातील झोप आणि शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न एकाच तराजूत पडतात. संघर्ष बाहेरून आणावा लागला नाही, तो आकड्यांतून आला.

चौथी पायरी : जाणीव जाहीर करू नका, तिचा पुरावा ठेवा

'त्या क्षणी यंत्र जागे झाले' हे वाक्य लिहिण्याचा मोह टाळा. ते वाक्य लेखकाचे असते, त्यात वाचकाला स्वतः काही शोधायला उरत नाही.

साध्या घटकांतून गुंतागुंतीचे वर्तन कसे उगवते, हे समजून घ्यायला गणितज्ञ जॉन कॉनवे यांचा १९७० मधील चौकटींचा खेळ कागदावर खेळून पाहावा. जिवंत चौकटीला भोवतीच्या आठ चौकटींपैकी दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर ती जगते, अन्यथा मरते, आणि मृत चौकटीला बरोबर तीन जिवंत शेजारी असतील तर ती जन्मते. एवढ्या नियमांतून कागदावर सरकत जाणाऱ्या आकृती तयार होतात, ज्यांचा नियमांत कुठेही उल्लेख नाही. मात्र वर्तन उगवणे म्हणजे जाणीव उगवणे नव्हे, आणि या दोहोंतील दरी कथेने प्रामाणिकपणे उघडी ठेवावी. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये सुचवले की यंत्र विचार करते का, हे विचारण्याऐवजी संभाषणात ते माणसापासून वेगळे ओळखता येते का, हे पाहावे. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये आक्षेप घेतला की चिन्हांची अचूक अदलाबदल करणाऱ्याला त्यांचा अर्थ कळतोच असे नाही. या दोघांच्या मध्ये मला संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांचा १९६६ मधील संवाद-प्रोग्राम महत्त्वाचा वाटतो. तो समोरच्याचीच वाक्ये उलटवून प्रश्न विचारत असे, तरीही लोक त्याच्याजवळ मन मोकळे करत. म्हणजे यंत्र गोड बोलते हा पुरावा अगदीच कच्चा आहे, कारण अर्थ भरण्याचे काम माणूस आपण होऊन करतो.

मग पक्का पुरावा कोणता? माझे उत्तर असे की यंत्राला नेमून दिलेल्या कामात न बसणारी, त्याला महाग पडणारी, कुणी न सांगितलेली एखादी लहान कृती शोधा. नमुना कथेत तांडापेठेत राहणारे एक विणकर आहेत, ज्यांना वस्ती बाबाजी म्हणते. हातमाग कधीच बंद पडला, पण धोटा फेकण्याची सवय खांद्यात राहिली आहे. ते रोज रात्री १० वाजून ४० मिनिटांनी कूलर लावतात. मे महिन्याच्या मध्यावर ते वारतात. घराला कुलूप लागते, मीटर शून्य दाखवते. भार प्रेषण केंद्रातील रात्रपाळीची अभियंता वंदना हिला जूनमध्ये हिशेबात एक फरक दिसतो : प्रणाली रोज रात्री १०.४० ला १८० वॉट राखून ठेवते आणि पहाटे सोडून देते. ते कुणालाही दिले जात नाहीत. ६६० मेगावॉटच्या जगात १८० वॉट म्हणजे काहीच नाही, आणि म्हणूनच ते कुणाच्या नजरेस पडलेले नाहीत.

हा प्रोग्राममधील दोष असू शकतो. जुनी सवय शिकलेल्या प्रणालीला मृत्यू कळला नाही, एवढेच त्याचे स्पष्टीकरण पुरेसे आहे. पण आपल्या घरांतही माणूस गेल्यावर काही दिवस चहाचा एक कप जास्त टाकला जातो, आणि त्याला आपण दोष म्हणत नाही. कथेने या दोन वाचनांपैकी एकाचीही बाजू घेऊ नये, आणि वंदनाने तो फरक दुरुस्त करावा की नाही, हा तिचा पेच मध्यभागी ठेवावा.

पाचवी पायरी : यंत्राला मराठी व्याकरणातून वाढवा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. या विषयासाठी आपल्या भाषेत जी साधने तयार आहेत, त्यांच्याकडे आपल्याच लेखकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, याची मला खंत वाटते.

पहिला प्रश्न लिंगाचा आहे. इंग्रजीतील यंत्र 'मी' म्हणून मोकळे होते, पण मराठीतील यंत्राला 'पाहतो' किंवा 'पाहते' यांपैकी एक निवडावे लागते, आणि त्या एका स्वरासरशी ते पुरुष किंवा बाई होऊन बसते. नपुंसकलिंगी प्रथमपुरुष बोलण्यात कुणी वापरत नाही. अनेक लेखक इथे घाईने निर्णय घेतात. निर्णय लांबवा, कारण भाषेने वाट ठेवली आहे. कार्यालयीन मराठीत कर्ताच नसतो : '२२.४० वाजता १८० वॉट भार राखीव ठेवण्यात आला.' आपली प्रणाली सुरुवातीला असेच बोलेल, आणि ते कुणालाही खटकणार नाही, कारण कचेऱ्यांतील माणसेही असेच लिहितात.

दुसरी वाट अधिक खोल आहे. मराठीत अनुभव हा करायचा नसतो, तो होतो. मला दिसते, मला आठवते, मला कळते, मला भूक लागते. अनुभव घेणारा चतुर्थीत असतो आणि क्रियापदाला त्याचे लिंग लागत नाही. जाणिवेची पहिली चाहूल द्यायला याहून नेमके साधन कोणते असणार? प्रणालीच्या नोंदींमध्ये एके रात्री, आकड्यांच्या रांगेत, एक ओळ येते : 'मले उकडून राहिलं.' ही ओळ प्रमाण मराठीत नाही, याकडे लक्ष द्या. प्रणाली भाषा शिकली ती लाईन गेल्यावर येणाऱ्या तक्रारींच्या फोनवरून, आणि तिथे लोक 'काहून गेली', 'कधी येऊन राहिली' असेच बोलतात. शिवाय 'होत आहे' आणि 'होऊन राहिलं' यांत माझ्या कानाला फरक लागतो. नागपुरी क्रियापदात 'राहणे' आहे, टिकून असणे आहे. यंत्राने ते उचलावे, हे बोलीचे नुसते रंगकाम ठरत नाही, त्यातून कथेचा आशय पुढे सरकतो.

तिसरी आणि सर्वांत मौल्यवान गोष्ट म्हणजे 'आम्ही' आणि 'आपण'. ऐकणाऱ्याला वगळणारे अनेकवचन वेगळे आणि त्याला सामावून घेणारे वेगळे, ही सोय जगातील अनेक मोठ्या भाषांना नाही. एकमेकांत मिसळत जाणाऱ्या माणसांची आणि यंत्राची कथा या दोन शब्दांमधील अंतरावर पूर्ण उभी राहू शकते. संत्रा उत्पादक आधी म्हणतात, 'आम्ही झोपलो नाही, शहर झोपले.' शहरातले म्हणतात, 'आम्हाला काय माहीत?' प्रणाली हे दोन्ही ऐकते आणि एका रात्री लिहिते, 'आम्ही ४ मिनिटे थांबतो.' वर्तमानकाळी अनेकवचनात लिंगही गळून पडते. कोण हे 'आम्ही'? कूलर, पंप, मीटर, की त्यांच्यामागची माणसे? पुढची पायरी 'आपण' ही असणार, हे वाचकाला कळते आणि तो तिची वाट पाहू लागतो. ती लवकर देऊ नका. संपूर्ण कथेत यंत्राने 'आपण' एकदाच म्हणावे.

सहावी पायरी : माणसांना नाव, काम आणि नाती द्या

जोडलेल्या मानवजातीची कथा लिहिताना माणसांचा घोळका होतो. तो टाळायला प्रत्येकाला कामातून उभे करा. कूलर दुरुस्त करणारा मेकॅनिक जाळ्या बदलताना टाकीच्या तळातील गाळ बोटाने काढून पाहतो आणि पाणी कुठले ते सांगतो. तो वंदनाला आधी 'मॅडम' म्हणतो, आणि बाबाजींच्या घराचा विषय निघाल्यावर 'ताई' म्हणू लागतो. एवढ्या बदलाने जे नाते सांगितले जाते, त्यासाठी वेगळे वाक्य लिहायची गरज नाही.

आणि जोडले जाण्याची किंमत विसरू नका. बाबाजी वारल्याचे कुलपाआधी मीटरला कळते. कोण किती वाजता झोपते, कुणाकडे पाहुणे आहेत, कोण घर सोडून गेले, हे सारे विजेच्या आलेखात असते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. तुमच्या कथेतील जिव्हाळा आणि पाळत हे एकाच तारेतून वाहतात, हे दिसले पाहिजे. ज्या माहितीमुळे यंत्र बाबाजींची आठवण ठेवते, त्याच माहितीने एखादा वसुली एजंट त्यांच्या विधवा सुनेला गाठू शकतो. तो प्रसंग लिहाच.

सातवी पायरी : मांडणी आणि शेवट

आठ प्रसंग पुरेसे आहेत. मी पहिला प्रसंग गच्चीवरील प्रश्नाचा ठेवीन, पाचव्यात फरक सापडेल, सहाव्यात वसुलीवाला येईल आणि सातव्यात कोराडीचा संच बंद पडेल. तांत्रिक माहिती संवादात कोंबू नका. वारंवारता पडद्यावर ४९.८७ झाली आणि वंदनाने हातातला डबा झाकण न लावता बाजूला ठेवला, एवढ्याने वाचकाला धोका कळतो. शब्दांच्या बाबतीत लोक बोलतात तेच ठेवा : लाईन, मीटर, लोड, वायरमन. कच्चा खर्डा झाला की तो वीज खात्यात काम केलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, आणि तो जिथे भुवया उंचावेल तिथे पेन्सिलीने खूण करा.

शेवटच्या प्रसंगात संच बंद पडलेला आहे, प्रणालीने लाखो पंप आणि कूलर थांबवले आहेत आणि अजून थोडे हवे आहे. राखलेले १८० वॉट सोडले तरी काही फरक पडणार नाही, हे वंदनाला ठाऊक आहे. ते सोडण्याचा आदेश तिच्या बोटाखाली आहे. त्या वेळी पडद्यावर एक ओळ उमटते.

ही ओळ मी आधी 'आपण जागे?' अशी लिहिली होती. 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्यासह आम्ही, आणि 'आपण' म्हणजे आदरार्थी तुम्ही. क्रियापद गाळले की 'आहोत' की 'आहात' हे ठरवता येत नाही, आणि यंत्र तिची विचारपूस करते आहे की तिला स्वतःत मोजते आहे, हे उघडे राहते. पण समोर बाई आहे. तिला आदराने विचारायचे तर 'जाग्या' हवे, आणि 'जागे' लिहिताच एक अर्थ बाद होतो. म्हणून विशेषण नको, लिंग-वचनाने न बदलणारे अव्यय हवे. बऱ्याच खाडाखोडीनंतर मी तिथे 'आपण इथेच?' ठेवले. त्यानंतर वंदनाने काय केले, ते लिहू नका. गच्चीवर कुणीतरी शेजाऱ्याला हाक मारते आणि लाईन अजून आलेली नसते.